उपाशी ठेवलेल्या पेशी

डिश खोटं बोलत नाही, हे मोठ्या सरांचं लाडकं वाक्य. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ते भर बैठकीत तिच्या तोंडावर मारलं आणि तेव्हापासून तिला त्या वाक्याची चीड होती. डिश खोटं बोलत नाही, कबूल. पण डिशमध्ये काय ओतलं हे सांगायला माणसाचंच तोंड लागतं, आणि माणूस मूग गिळून बसला तर बिचारी डिश काय करणार?

कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या त्या इमारतीत ती नऊ वर्षं होती, पण पेशी वाढवायच्या डिशला तिने कधी बोट लावलेलं नव्हतं. तिचं सगळं काम संगणकावर. झेरॉक्स मशीनच्या मागे एक अरुंद खोली होती, तिथे तिचं टेबल. प्रयोग करणारी मंडळी तिला ‘यादीवाली’ म्हणायची, आणि ते म्हणताना ओठांचा एक कोपरा किंचित वर जायचा. हातमोजे न घालता विज्ञान करणारी बाई म्हणजे त्यांच्या लेखी हवामानाचा अंदाज सांगणारी.

तिची यादी होती जीनांची. स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी हार्मोनवर पोसल्या जातात. हार्मोन पेशीत शिरतं, आत केंद्रकात रिसेप्टर, म्हणजे हार्मोनला धरणारं प्रथिन, त्याची वाटच बघत असतो, मग ही जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि काही जीन जागे करते. आता काही म्हणजे कोणते, इथेच घोडं अडतं. रिसेप्टर हजारो जागी बसतो, आणि जिथे बसला त्याच्या शेजारच्याच जीनला उठवेल असा काही नेम नाही. दार एकाचं धरायचं आणि हाक चार गल्ल्या पलीकडच्याला मारायची, अशी त्याची खोड. हाक नक्की कोणाला गेली ते ओळखणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. तिने म्हणजे तिने आणि खारूताईने.

खारूताई तिच्यासमोरच्या टेबलावर बसायची. खणात कायम खारे दाणे, की-बोर्डमधून सालं निघायची, म्हणून खारूताई. वयाने लहान, डोक्याने तल्लख, आणि कोणाचीही भीडभाड न ठेवणारी. त्या दोघींनी चार वर्षं खपून जी यादी काढली, तिच्या डोक्यावरचे चाळीस जीन जरा वेगळे होते. यादी म्हणत होती की हे थेंबभर हार्मोनवर जागे होतात. ही गोष्ट साधी नव्हती. औषधाने अंगातलं हार्मोन जवळजवळ आटवून टाकलं तरी काही बायकांची गाठ वाढतच राहते, आणि का वाढते हे डॉक्टरांना धड सांगता येत नाही. उरल्यासुरल्या थेंबावर हेच चाळीस जण जागे राहत असतील, तर निदान कोणाला धरायचं हे तरी कळेल. पण यादी म्हणजे अंदाज. अंदाज खरा की खोटा हे ठरवायला पेशी वाढवून बघायला हव्यात.

त्या वाढवल्या तिच्या नवऱ्याने.

तो त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कल्चर रूम सांभाळायचा. पेशी वाढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं. प्रयोग सरळ होता. गाठीतल्या पेशी आधी काही दिवस हार्मोनशिवाय ठेवायच्या, उपाशी. मग अर्ध्या डिशांत हार्मोन घालायचं, अर्ध्या तशाच ठेवायच्या, आणि कोणते जीन जागे झाले ते मोजायचं. त्याने ते सगळं केलं. चाळीसातला एकही जीन हलला नाही. हार्मोनने उठतात हे सगळ्यांना ठाऊक असलेले इतर जीन थोडेफार वर गेले, पण यादीच्या डोक्यावरचे हे चाळीस ढिम्म. मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते वाक्य ऐकवलं.

वसंत ऋतूत खारूताईचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. अंदाज चुकला, माणूस कमी करा, असा साधा हिशोब. निरोपाच्या दिवशी केक आणला होता. तो कापायला सुरी नव्हती, तर नवराच धावत जाऊन कल्चर रूमच्या पॅन्ट्रीतून घेऊन आला. चार शब्दही तोच बोलला. विज्ञानात अपयशही कामाला येतं, म्हणाला. खारूताईने केकचा तुकडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. आता ती दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे अंदाज काढते. फोनवर हसून सांगते की गाड्या जीनांपेक्षा बऱ्या, ठोकल्या की आवाज तरी होतो. ती असं हसली की यादीवालीला दिवसभर काही सुचायचं नाही.

आणि आता पाळी यादीवालीची होती. येत्या शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं की ही यादी कायमची गुंडाळायची का, आणि झेरॉक्समागच्या त्या खोलीत नवा फ्रीज ठेवायचा का. फ्रीजची मापं घ्यायला माणूस येऊनही गेला होता. ती आत बसलेली असताना त्याने तिच्या खुर्चीमागून टेप लावली.

एक गोष्ट तिला पहिल्यापासून खुपत होती. प्रयोगाचे कच्चे आकडे तिला कधी मिळालेच नव्हते. मिळाली ती नुसती गुणोत्तरं, म्हणजे हार्मोन घातल्यावर कोण किती पट वाढला एवढंच. मूळ आकडे दे, म्हणून तिने नवऱ्याच्या किती मिनतवाऱ्या केल्या. ऑफिसात मागितले, घरी मागितले, भांडी विसळताना मागितले. देतो, म्हणायचा. फाईल कुठे आहे बघतो, म्हणायचा. बायकोने मागितलेली गोष्ट लांबणीवर टाकायची मुभा असते असं पुष्कळ नवऱ्यांना वाटतं, आणि पुष्कळ बायकाही ते चालवून घेतात. तिनेही चालवून घेतलं, हे आठवून पुढे तिला स्वतःचाच संताप आला.

शेवटी सोमवारी ती सरळ मोजणीच्या मशीनवाल्याकडे गेली. मूळ आकडे त्याच्याकडे पडूनच होते. एवढंच ना, म्हणाला, आणि हातातला चहा संपायच्या आत तिला सगळं उतरवून दिलं.

आकडे उघडले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस जीन हार्मोनने वाढले नव्हते, हे खरंच होतं. पण वाढणार कुठून? ते आधीच जागे होते. उपाशी डिशांत, जिथे हार्मोनचा कणही नको, तिथे ते टक्क डोळे उघडून बसलेले. तिने इतर प्रयोगशाळांनी जाहीर केलेले आकडे शेजारी लावून आलेख काढला. त्यांच्याकडच्या उपाशी पेशींमध्ये हेच जीन गाढ झोपलेले. म्हणजे आपल्याकडच्या पेशींना कोणीतरी चोरून भरवत होतं, फार नाही, थेंबभर. आणि थेंबभरावर उठतात ते कोण, हे तर यादीने आधीच सांगून ठेवलं होतं.

ती खाली कल्चर रूममध्ये गेली. बाहेर चपला काढून निळे प्लास्टिकचे जोडे घालावे लागतात, ते तिने उलटसुलट घातले. आत हवेचा एकसुरी घुमारा. एक संशोधक मुलगी काचेआड हात घालून पेशींना मीडियम, म्हणजे त्यांचं पातळ अन्न, देत होती. यादीवालीने फ्रीज उघडला. फळ्यांवर बाटल्या ओळीने उभ्या, सगळ्या लालचुटुक. हार्मोनच्या प्रयोगालाही हेच वापरता का, असं तिने विचारलं. हो, हेच, मुलगी म्हणाली. बिनरंगाचं मागवलं होतं पूर्वी, पण इथल्या सरांना ते आवडत नाही. त्यात काही बिघडलं तर दिसत नाही म्हणतात. लाल असलं की मीडियम आंबायला लागताच पिवळं पडतं, लांबूनही कळतं. बिनरंगाच्या नादात त्यांच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या.

मुलगी निष्पापपणे सांगत होती. यादीवालीच्या नवऱ्याने शिकवलं तेच तिला ठाऊक. पण जो हार्मोनचं काम करतो त्याला हे पहिल्या महिन्यात सांगितलं जातं की तो लाल रंग साळसूद नाही. त्याच्यात जी भेसळ असते ती हार्मोनची नक्कल करते. दुबळी नक्कल, पण पेशीला पुरते. हार्मोनच्या प्रयोगाला लाल मीडियम वापरायचं नाही, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. आणि इमारतीतला सगळ्यांत तरबेज माणूस, ज्याचा हात धरणारा कोणी नाही, तो नजरेची सोय म्हणून लाल वापरत होता.

घरी गेल्यावर तिने पर्स खाली ठेवली नाही की चपला काढल्या नाहीत. स्वयंपाकघरात नवरा लसूण सोलत होता. टेबलापाशी सासूबाई शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सून आणि मुलगा दोघांनाही सारख्याच मापाने झोडपणाऱ्या. त्यांच्यापुढे बोलावं की नाही याचा तिने विचार केला नाही. लाल मीडियम वापरलंस का, असं विचारलं.

तो आधी हसला. चिमूटभर रंग, त्याने काय आभाळ कोसळतं, म्हणाला. मग म्हणाला, दोन खेपा नासल्या तेव्हा तू होतीस का निस्तरायला? मग लसणाच्या पाकळ्या पुन्हा पुन्हा त्याच वाटीत इकडून तिकडे करत राहिला. तिला तो तेरा वर्षं माहीत होता. तो खोटं बोलायचा तेव्हा त्याचे हात रिकामे राहत नसत.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“माहीत नव्हतं. शंका आली होती.”

“कधी?”

सासूबाईंनी पेन टोपणात घातलं.

“तिने विचारलंय तुला,” त्या म्हणाल्या.

“पहिला निकाल आला तेव्हाच,” तो म्हणाला. “उपाशी डिशमधले आकडे बघितले आणि वाटलं, हे जरा जास्त आहेत.”

पहिला निकाल हिवाळ्यातला. खारूताई गेली वसंतात. मधल्या काळात तो रोज सकाळी बायकोबरोबर गाडीतून ऑफिसला जात होता, हिचा डबा भरत होता, आणि रात्री ही कपाळावर हात मारून घेत प्रोग्रॅममधली चूक शोधत बसली की हिच्यासाठी दिवा लावून ठेवत होता. नसलेली चूक शोधणाऱ्या बाईला दिवा लावून देणारा नवरा! याला प्रेमळ म्हणायचं की आणखी काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. तिला त्या क्षणी वाटीसकट लसूण त्याच्या अंगावर भिरकावावा असं वाटलं.

त्याची कारणं तयार होती. कल्चर विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती. त्याच डिशांवर त्याचा एक शोधनिबंध छापायला गेला होता. आत्ता हे बाहेर पडलं असतं तर सगळ्याचंच भिजत घोंगडं झालं असतं. आणि तुला काय, म्हणाला, तुला कुठेही काम मिळेल, तुझं डोकं आहे. हे तो कौतुकाने म्हणाला, त्यामुळे तिला जास्तच लागलं. आपलं काम हे याला घरातल्या जादा खुर्चीसारखं वाटतं, पाहुणे आले की सरकवायची, हे तिला तेरा वर्षांनी कळत होतं.

“कॉपी करणारी पोरं मी पुष्कळ पाहिली,” सासूबाई म्हणाल्या. “पण दुसऱ्याचा बरोबर पेपर चुकीचा तपासला जाताना बघत बसणारा पहिलाच. आणि तो माझा निघावा.” कोडं तसंच टाकून त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

मग तो रडवेला झाला. शुक्रवारी मीच सांगतो, म्हणाला. मला सांगू दे. तू सांगितलंस तर माझी इमारतीत छी थू होईल, मी सांगितलं तर निदान मान वर करता येईल. सगळं सांगेन, काही लपवणार नाही, शपथ. तिने पर्स खाली ठेवली आणि ठीक आहे म्हणाली. इथे तिचं चुकलं. राग खरा होता, पण तेरा वर्षांची सवयही खरी होती, आणि सवयीने त्याला एक संधी देऊन टाकली.

शुक्रवारी बैठकीची खोली भरलेली होती. मोठे सर टोकाला, कल्चर रूमची मंडळी एका बाजूला, मशीनवाला दाराशी. विषय निघायच्या आतच नवरा उभा राहिला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आपलंच काम पुन्हा एकदा कठोरपणे तपासताना माझ्या लक्षात आलं, अशी त्याने सुरुवात केली.

पुढे तो फार छान बोलला. मीडियमचा रंग, त्यातली भेसळ, उपाशी डिशमधले चढे आकडे, इतर प्रयोगशाळांशी तुलना, सगळं क्रमाने मांडलं. तिने सोमवारी काढून त्याला दाखवलेला आलेख त्याने पडद्यावर लावला, अक्षर न अक्षर तोच, रेषांचे रंगसुद्धा तिने निवडलेले. चूक माझी आहे, म्हणाला, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही, कारण विज्ञान असंच पुढे जातं. प्रयोग पुन्हा करावा लागेल. जबाबदारी मी घेतो.

मग मोठ्या सरांनी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. ती संशोधक मुलगी तर डोळे पुसत होती. मोठे सर म्हणाले, स्वतःची चूक भर सभेत सांगायला छाती लागते, विभाग सांभाळायला अशीच माणसं हवीत. त्यांनी त्याची पाठ थोपटली. तो मान खाली घालून उभा होता, आणि ती मान कशी खाली घालायची हे त्याला बरोबर साधलं होतं. यादी खरी ठरू शकते, हे त्या खोलीत कोणाच्याच मनात आलं नाही. खोलीत यादीवाली आहे, हेही नाही.

त्याने तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली. बघ, सांगितलं ना, असा त्याचा भाव. आणि गंमत अशी, की त्याला ते मनापासून वाटत होतं. त्याने कबुली दिली होती. नेमका जो भाग कबूल करायचा तो सोडून बाकी सगळा.

ती उठली. टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या. घरातलं भांडण ऑफिसात आणायचं नाही, असा तिचा स्वतःचाच नियम होता. पण हे घरातलं नव्हतंच. हे ऑफिसातलं होतं आणि इतके महिने घरात दडवून ठेवलं होतं.

“केव्हा लक्षात आलं, तेही सांग,” ती म्हणाली.

ऑफिसात ती त्याला नेहमी अहो-जाहो करायची. दोनचार जणांनी वळून बघितलं.

“तपासताना,” तो म्हणाला. “म्हणजे अलीकडेच. नेमकी तारीख आता…”

“तारीख नको. खारूताई तेव्हा इथे होती का, एवढंच सांग.”

त्याने समोरचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. पेनाचं टोपण काढलं, घातलं. तिने नजर काढली नाही. विनवणी करणारे त्याचे ते डोळे तिला चांगले ओळखीचे होते. आजवर त्या डोळ्यांपुढे ती दर वेळी विरघळली होती, आणि आज आपण विरघळत नाही याचं तिला वाईट वाटलं नाही. संशोधक मुलीने रुमाल मुठीत धरला.

“होती,” तो म्हणाला.

मोठ्या सरांनी घसा खाकरला. हे सगळं कशाबद्दल चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि चहाची वेळ झाली होती. ते तिच्याकडे वळले.

“ही खारूताई कोण?” त्यांनी विचारलं.

कोणी हसलं नाही. यादीवालीला वाटलं होतं की इथवर येईपर्यंत आपला राग ओसरेल. तो ओसरला नाही, फक्त नवऱ्यावरून उठून सबंध टेबलावर पसरला.

“ती यादी जिने निम्मी लिहिली ती,” ती म्हणाली. “यादी खोटी ठरली म्हणून तुम्ही जिला घरी पाठवलंत ती. प्रयोग पुन्हा करताना आधी तिला बोलवावं लागेल. तिला फोन तुम्ही करणार की हा करणार, तेवढं ठरवा. मग मी खाली बसते.”